ऑनलाइन तासाला लहान मूल रमेल कसे?

विद्यार्थी मित्रहो, पालक बंधू-भगिनींनो आणि संस्थेचे सन्माननीय विश्वस्त,



आपल्या भागात पावसाळा सुरू झाला की आम्हा शिक्षकांचे निम्मे लक्ष आभाळाकडे असते. ऑगस्ट 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले आणि पुणे-बेंगळूर वाहतूक थांबली, हे आपणा सर्वांना आठवत असेल. पाऊस वाढला की सुट्टी जाहीर होते आणि त्याच संध्याकाळी पालकांचे फोन सुरू होतात, "सर, शाळा बंद तर बंद, पण ऑनलाइन तास तरी घ्या." संस्थेच्या मागील बैठकीत तर याच्याही पुढची सूचना आली. पहिली ते चौथीच्या मुलांसाठी वर्षभर रोज संध्याकाळी एक ऑनलाइन तास ठेवावा आणि त्यासाठी एखादे तयार ॲप विकत घ्यावे, अशी ती सूचना आहे. शेजारच्या शाळा करतात, मग आपली मुले मागे का राहावीत, ही त्यामागची कळकळ आम्ही जाणतो. परंतु निर्णय होण्यापूर्वी आपले मत स्पष्टपणे मांडणे हे आमचे कर्तव्य आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

आमचे मत थोडक्यात असे. लहान मुलांसाठी ऑनलाइन तास हा अडीअडचणीचा मार्ग आहे, रोजचा रस्ता नव्हे. आणि ज्या दिवशी तो घ्यावाच लागेल, त्या दिवशी तो वर्गाची नक्कल म्हणून घेऊ नये. हे मत आम्ही पुस्तके वाचून बनवलेले नाही. ते आमच्या चुकांतून बनले आहे. त्या चुका आधी सांगतो.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. जूनमध्ये कर्नाटक शासनाने लहान वर्गांचे ऑनलाइन तास बंद करण्याचे आदेश काढले. 8 जुलै 2020 रोजी उच्च न्यायालयाने त्या आदेशांना स्थगिती दिली. 14 जुलै रोजी केंद्र शासनाच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचना आल्या. बालवाडीसाठी दिवसाला 30 मिनिटांहून अधिक नको, पहिली ते आठवीसाठी 30 ते 45 मिनिटांची फार तर दोन सत्रे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. आम्ही ते वाचले, फाइलला लावले, आणि काय केले? शाळेचे वेळापत्रकच उचलून फोनवर ठेवले. सकाळी दहाला प्रार्थना, मग हजेरी, मग एकामागून एक चार तास. गुरुजी बोलणार, मुलांनी ऐकायचे.

पहिल्या आठवड्यात वर्ग गजबजलेला होता. "सर, ऐकू येऊलालंय काय?" या एका वाक्यातच पंधरा मिनिटे जायची, पण मुलांच्या तोंडावर कुतूहल होते. तिसऱ्या आठवड्यात निम्मी मुलेही नव्हती. जी होती त्यांतली काही कॅमेऱ्यासमोर कपाळ ठेवून आडवी झालेली, काहींच्या जागी नुसता भिंतीवरचा कॅलेंडर. आम्ही निष्कर्ष काढला की मुले आळशी आणि पालक बेफिकीर आहेत. आम्ही गैरहजर मुलांच्या पालकांना नोटीस पाठवली.

ती नोटीस हातात घेऊन एक आई शाळेत आली. घरी बिड्या वळून संसाराला हातभार लावणारी बाई. रागावली नव्हती. म्हणाली, "सर, फोन घरात एकच. तो घेऊन ह्यांनी कागलच्या एमआयडीसीत कामाला जातात. रात्री आठला परत येतो. तेव्हा तुमची शाळा नसते. आता ही नोटीस मी कुणाच्या हातात देऊ, ते तुम्हीच सांगा." आम्ही निरुत्तर झालो. आजही ती नोटीस आठवली की लाज वाटते. ज्याला आम्ही मुलाची अनास्था समजत होतो, ती पुष्कळदा फोनची गैरहजेरी होती.

ही गोष्ट काही आपल्या एका शाळेची नव्हती. ऑगस्ट 2021 मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटक आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांतील गरीब वस्त्यांमधील सुमारे 1400 मुलांची पाहणी केली. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुले केवळ 8 टक्के निघाली, शहरी भागात 24 टक्के. त्याआधी अझीम प्रेमजी फाउंडेशनने कर्नाटकासह पाच राज्यांतील सरकारी शाळांतल्या दुसरी ते सहावीच्या 16,067 मुलांची तपासणी केली होती. आदल्या वर्षी येत असलेले भाषेचे किमान एक कौशल्य 92 टक्के मुले विसरली होती आणि गणिताचे किमान एक कौशल्य 82 टक्के मुले. आपल्या राज्यात पहिली ते पाचवीचे वर्ग 25 ऑक्टोबर 2021 रोजी पुन्हा भरले. म्हणजे जवळजवळ 19 महिने. त्या काळात पहिलीत आलेले मूल शाळेची पायरी चढले ते दुसरीत. ती मुले आता मोठ्या वर्गांत आहेत. त्यांपैकी काहींना जोडाक्षरे वाचताना अजून अडखळताना आम्ही पाहतो, तेव्हा हा विषय आमच्यासाठी जुना होत नाही.

आपल्या सीमाभागातील मराठी शाळांची आणखी एक निराळी अडचण होती. जुलै 2020 मध्ये दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवर मोठ्या वर्गांचे पाठ सुरू झाले, ते कन्नडमधून. त्याच महिन्यात सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही सुंदर मालिका सुरू झाली, ती मराठीतून, पण महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांवर. आपल्या मुलांच्या हातात पुस्तक कर्नाटकाचे आणि मराठी माध्यमाचे. एका वाहिनीची भाषा आपल्या लहानग्यांच्या डोक्यावरून जाणारी, दुसरीचा धडा आपल्या पुस्तकात नसलेला. यात कुणाला दोष देण्याचा हेतू नाही. कन्नड ही राज्याची भाषा आहे आणि ती आपल्या मुलांना उत्तम आलीच पाहिजे, असे आम्ही प्रत्येक पालकसभेत सांगतो. परंतु सात वर्षांच्या मुलाला हातच्याची वजाबाकी शिकवायची तर ती त्याच्या घरच्या भाषेतूनच शिकवावी लागते.

याचे उदाहरण सीमेच्या पलीकडेच आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुस्तकातल्या क्यूआर कोडबद्दल त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. पण त्याआधीचे त्यांचे काम आम्हाला अधिक मोलाचे वाटते. शाळेत येणाऱ्या मुलांची घरची भाषा कन्नड आहे, हे लक्षात आल्यावर ते स्वतः कन्नड शिकले आणि पुस्तके मुलांच्या भाषेत नेली. कोड नंतर आला, भाषा आधी आली. तयार ॲप विकत घेताना हा क्रम आपण विसरू नये. आपल्या राज्याच्या अभ्यासक्रमाचे, मराठी माध्यमाचे, पहिली-दुसरीच्या मुलाला समजेल असे ॲप कुणी दाखवले तर आम्ही ते आनंदाने पाहू. आजवर आमच्यासमोर जी आली, त्यांत इंग्रजी गाण्यांवर नाचणारी चित्रेच जास्त होती.

येथे थोडे स्वतःविषयी सांगण्याची परवानगी द्यावी. आमचे शालेय शिक्षण मराठीतून झाले, पण वडिलांची रेल्वेतील नोकरी आणि बदल्या यांमुळे पदवी मात्र हिंदी माध्यमातून झाली. लिपी तीच, शब्दही बरेचसे तेच, म्हणून घरच्यांना वाटले की अडचण येणार नाही. पहिल्या सहा महिन्यांत आम्ही वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. समजत नव्हते असे नाही. विचारता येत नव्हते. 'का' म्हणावे की 'की', या भीतीने उघडलेले तोंड पुन्हा मिटायचे. आणि प्रश्न विचारणे थांबले तसे हळूहळू शिकण्याचे मनच थांबले. शेवटच्या बाकावर बसून खिडकीबाहेर पाहणारा मुलगा आम्ही स्वतः होतो. पुढे एका प्राध्यापकांनी वर्ग सुटल्यावर थांबवून म्हटले, "मराठी में पूछो, मैं समझ लूँगा." त्या एका वाक्याने आमची पदवी पूर्ण झाली, असे म्हटले तरी चालेल.

ऑनलाइन वर्गात लहान मुलाचे नेमके हेच होते. गोंगाट नको म्हणून आपण त्याचा आवाज बंद करून ठेवतो. त्याला शंका येते तेव्हा बटण सापडत नाही. बटण सापडते तेव्हा गुरुजी पुढच्या पानावर गेलेले असतात. वर्गात मूल नुसते भुवई उंचावते आणि बाई जवळ जातात. पडद्यावर टिकलीएवढ्या चौकोनात ती भुवई दिसत नाही. आपल्याकडे कुणी पाहत नाही, हे मुलाला फार लवकर कळते. मग ते आपलीही नजर दुसरीकडे वळवते.

यावर काही पालक विचारतात, "सर, हेच पोरगं फोनवर दोन दोन तास खेळत बसते, मग तासालाच कंटाळा कसा?" प्रश्न रास्त आहे. खेळात मुलाने बोट लावले की काहीतरी घडते. तासात त्याने काहीही केले तरी काहीच घडत नाही. खेळात ते कर्ता असते, तासात प्रेक्षक. म्हणून आमचा पहिला धडा हा की तास ऑनलाइन घ्यायचा असेल तर दर चार-पाच मिनिटांनी मुलाच्या हाताला काम हवे, आणि ते काम पडद्याबाहेरचे हवे.

दुसरा मार्ग पुष्कळांना सोपा वाटतो, तो म्हणजे बक्षिसांचा. तास पूर्ण केला की तारा, दहा तारे झाले की पदक. बहुतेक ॲपची रचना अशीच असते. 1973 मध्ये अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अभ्यासकांनी चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतील मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितले की चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता ते शेवटी दिले. काहींना दिलेच नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिले तर ज्यांना आधी बक्षीस कबूल केले होते, ती मुले इतरांच्या निम्म्याच्या आसपास वेळच चित्रे काढत होती. बक्षीस संपले, तशी आवडही आटली. कौतुक करू नये असा याचा अर्थ नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी सांगितलेल्या तीन गोष्टी आमच्या अनुभवाशी जुळतात. मुलाला थोडी निवड करता आली पाहिजे, आपल्याला जमते आहे असे वाटले पाहिजे, आणि आपण कुणाचे तरी आहोत याची खात्री हवी. आपल्या साध्या भाषेत, "तू ठरव", "तुला येतंय" आणि "तू आमचा".

नोटिसीच्या त्या प्रसंगानंतर आम्ही वेळापत्रक मोडले. सहा-सहा मुलांचे गट केले. फोन घरी येतो त्या वेळी, म्हणजे रात्री आठनंतर, 25 मिनिटांचा एकच तास. मुलांना दिवसा करायचे काम आदल्या दिवशी सांगायचे आणि रात्री त्यावर बोलायचे. तिसरीच्या बाईंनी एकदा सांगितले, "एका कट्ट्यात 25 बिड्या असतात, तर हजार बिड्यांचे कट्टे किती, ते आईला विचारून या." काम मोजण्याचे होते, वळण्याचे नव्हे, हे बाईंनी दोनदा बजावले. त्या रात्री सहाही मुले हजर होती आणि दोघा-तिघांच्या मागे त्यांच्या आयाही बसल्या होत्या. 40 हे उत्तर मुलांच्या आधी एका आईनेच दिले आणि सगळे हसले. 25 चा पाढा त्या गटाला आम्ही वेगळा शिकवला नाही. कुणी शेंगांचे ढीग मोजले, कुणी आजीकडून पावसाच्या नक्षत्रांची नावे आणि वाहने विचारून आणली. वर्गात कधीच न बोलणारा एक मुलगा आवाज रेकॉर्ड करून गोष्टी पाठवू लागला. ऑनलाइनचा हा फायदा आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण सहाही मुले रोज आली, असेही नाही. ज्यांच्या घरी फोनच नव्हता त्यांच्याकडे शिक्षकांना चालतच जावे लागले. पलीकडच्या गावांत राहणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्यांना कोगनोळीच्या तपासणी नाक्यामुळे कित्येक दिवस तेही जमले नाही.

चालत जाण्याचा मार्ग नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे 1945 मध्ये काम सुरू केले. आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातून आला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल शाळेत येत नसेल तर दोष मुलाचा नाही, शाळेने वाट बदलावी, हा त्यांचा विचार. 2020 मध्ये हाच विचार पुन्हा उपयोगी पडला. सोलापूरच्या नीलमनगरात कामगार वस्तीतील आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. मुले जाता-येता भिंत वाचू लागली. पालघर जिल्ह्यात दिगंत स्वराज फाउंडेशनने 'बोलकी शाळा' काढून ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकवले. आपल्या राज्यात ऑगस्ट 2020 मध्ये 'विद्यागम' योजनेखाली शिक्षक वस्त्यांवर जाऊन कट्ट्यावर, देवळाच्या ओवरीत लहान गटांना शिकवू लागले. संसर्गाच्या भीतीने ती ऑक्टोबरमध्ये थांबवावी लागली, तरी दिशा योग्य होती, असे आमचे मत आहे. यांपैकी कुणीही मुलाला एकाच पडद्यासमोर बसवून ठेवले नाही.

या सर्वांचा विचार करून आम्ही विश्वस्त मंडळापुढे पुढील गोष्टी नम्रपणे ठेवतो.

1. पहिली ते चौथीसाठी रोजचा संध्याकाळचा ऑनलाइन तास सुरू करू नये. दिवसभर शाळेत बसलेल्या मुलाची संध्याकाळ खेळण्याची आहे.

2. पावसामुळे किंवा अन्य कारणाने शाळा सलग तीन दिवसांहून अधिक बंद राहिली, तरच ऑनलाइन तास घ्यावेत. तेही सहा मुलांचा गट आणि 25 मिनिटे, अशा बेताने, आणि पालकांच्या सोयीच्या वेळी. 36 मुलांच्या वर्गाचे सहा गट होतात आणि शिक्षकाचे अडीच तास जातात. हे काम मोफत धरू नये, त्या दिवसांचा योग्य मोबदला शिक्षकांना मिळावा.

3. ॲपसाठी योजलेल्या रकमेतून प्रत्येक वर्गाला एक 'घरपिशवी' करावी. तीत गोष्टीची पुस्तके, अंककार्डे, रंगीत खडू, मोजपट्टी आणि दोरी असावी. पाऊस वाढण्याची चिन्हे दिसताच ती मुलांच्या घरी जावी. तिला नेटवर्क लागत नाही.

4. ज्या घरी फोन नाही त्या घरांची यादी वर्गशिक्षकांनी जूनमध्येच करावी. त्या मुलांकडे कोण जाणार, हेही तेव्हाच ठरावे.

यात खर्च कमी आणि कष्ट जास्त आहेत, याची आम्हाला कल्पना आहे. ॲप घेतले की जाहिरातीत एक ओळ वाढते, हेही खरे. पण जाहिरात वाचून मूल शाळेत येते आणि बाई ओळखतात म्हणून ते शाळेत टिकते.

पालकांना एकच विनंती. तासाच्या वेळी मुलाच्या शेजारी बसून उत्तरे सांगू नका. आम्हाला चूक उत्तर हवे असते, त्यावरून पुढचे शिकवायचे असते. तास संपल्यावर मात्र "आज काय शिकलास?" असे न विचारता "आज तू काय विचारलंस?" असे विचारा. पहिल्या प्रश्नाला मुले "काही नाही" म्हणतात. दुसऱ्याला थांबून आठवावे लागते.

आणि बालमित्रहो, तुमच्यासाठी हे. तास चालू असताना कंटाळा आला तर आडवे होऊ नका, हात वर करा आणि सरळ सांगा, "सर, कंटाळा आला." आम्ही रागावणार नाही. तो आमच्या शिकवण्यावरचा शेरा आहे, असे समजून आम्ही वहीत लिहून ठेवू. शंका मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा, अर्धी या भाषेत आणि अर्धी त्या भाषेत विचारा. एका प्राध्यापकांनी आम्हाला जे सांगितले, तेच आम्ही तुम्हाला सांगतो, तुम्ही विचारा, आम्ही समजून घेऊ.

पुढील बैठकीत या सूचनांवर सविस्तर चर्चा व्हावी. ज्यांचे मत वेगळे आहे त्यांनी ते आवर्जून कळवावे, पुढील अंकात त्याला जागा देऊ.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मुख्याध्यापक